सोळा पायांचा

मे महिना. कूलरची खस वाळून खडखडीत.
मोदी नंबर तीनमध्ये शटर अर्धं खाली,
टेबलावर पोट उघडून पडलेली
पिवळट गेमची कॅसेट.

जरीपटक्याचा हरेश घेऊन आला.
"चार गेम होते, दादा. आता रणगाडाच येतो.
कितीही वेळा रीसेट दाबा, रणगाडाच."

आत तीन चिपा. दोन मोठ्या, ओळखीच्या,
गेम आणि चित्रं त्यांच्या पोटात.
तिसरा छोटा, सोळा पायांचा,
पाठीवर नंबर नाही.
कुणीतरी पॉलिश पेपरनं घासलेला,
पाटीवरचं गणित थुंकीनं पुसावं तसा.

भिंग लावलं. तिरपा उजेड टाकला.
एका जागी सातासारखं काहीतरी,
किंवा ओरखडाच असेल.

मग मीटर. आठव्या पायाला अर्थ,
सोळाव्याला पाच व्होल्ट.
एवढ्यानं गाव कळतं, घर कळत नाही.
दुसऱ्या पायाची रेघ
डायोड, कपॅसिटर ओलांडून
कन्सोलच्या ठोक्याला जाऊन भिडलेली.
रीसेट धरलं की ठोका थांबतो.
तो थांबा याला ऐकू येतो.

आणि चौदावा, तेरावा पाय
मोठ्या चिपांच्या वरच्या पत्त्यांवर:
शून्य शून्य, शून्य एक,
एक शून्य, एक एक.

मोजतो हा.
आयुष्यभर एवढंच.
आता ठोका आत जातो, मोजणी बाहेर येत नाही.

ओरखडे पुन्हा पाहिले.
सगळे वर डावीकडून सुरू, खाली उजवीकडे उतरलेले.
या गल्लीत डावखुरा एकच होता.

कामठीला फोन लावला.
"सलामतभाई, तो एकशे एकसष्ट होता ना?"
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हसले, खोकले, पुन्हा हसले.
"बत्तीस वर्षं लागली तुले?
सहा रुपयांचा माल होता बे तो.
नंबर दिसला असता
तर समोरच्या ढोबळेनं दुसऱ्याच दिवशी बनवला असता."
"मलेही नाही सांगितलं."
"तू ढोबळेकडे चहा प्यायचा."

ड्रॉवरमध्ये एक निघाला. बसवला.
रणगाडा. रीसेट. माकड.
रीसेट. मोटारसायकल.
हरेश खुर्चीच्या टोकावर.
रीसेट. चौथ्याचं नाव पडद्यावर आलं,
वाचेपर्यंत लाइट गेली.

कूलर थांबला. गल्ली थांबली.
लाइट आली तेव्हा पुन्हा रणगाडा.
"हे काय, दादा?"
"वीज गेली की विसरतो. तसाच आहे तो.
पुन्हा पहिल्यापासून मोज."

झाकण लावलं, स्क्रू आवळले.
पैसे मोजता मोजता त्यानं विचारलं,
"पार्ट कोणता होता पण?"

समोर ढोबळेच्या जागी आता
मोबाइलची कव्हरं लटकतात,
तरी माझा आवाज आपोआप खाली गेला.

"असतो एक," म्हणालो.