खांब क्रमांक सात

नकाशावर सी-सात जिथे येतो
तिथे शेडच्या जमिनीत खड्डा आहे, कमरेइतका.
नरसय्या गाजुल त्यात पाय सोडून विणायचे,
पॉवरलूम येण्याआधी.
आता त्यात फुटके धोटे, बॉबिनी, कोंबडीची पिसं.

"बुजवून टाकू," अंबादास चिप्पा म्हणाले. शेड त्यांची.
मी म्हटलं, भरावावर पाया बसत नाही मालक.
माणसाने टाकलेली माती खाली जातच राहते.
मुरूम लागेस्तोवर उतरायचं.

जुन्या तुळया सागाच्या,
कुठल्याशा बंद गिरणीच्या लिलावातल्या.
बोटांनी ठोकत गेले.
चौथीला गाठ, पोटाशी, नेमकी मधोमध,
ताण सगळ्यात जास्त तिथे.
कोष्टकात ती नापास.
सत्तर वर्षं पेललं तिने,
त्याला कोष्टकात रकाना नाही.
काढली आणि पोटमाळ्याला दिली, हलक्या कामाला.

लोखंडी कैच्या ठीक होत्या.
एका अँगलला खळीच्या वाफेने पापुद्रे धरलेले,
नखाने निघाले, तो बदलला.
एका टोकाची भोकं लांबट ठेवली:
एप्रिलात अक्कलकोट रोडचा पत्रा तापतो
तेव्हा कैचीला सरकायला जागा हवी,
माणसाला लागते तेवढीच, बोटभर.

राहिली वरच्या मजल्याची काँक्रीटची तुळई.
माग बेचाळीस. धोटा मिनिटाला दीडशे वेळा
इकडून तिकडे. सगळे एका तालात आले तर?
रात्री दाजी पेठेत पंख्याखाली
हाच आकडा तीनदा काढला.

"सळ्या वाढवा ना मॅडम, पैशाचं बघू नका."
कसं सांगू, की मी त्या मोजून कमी घालते.
फार घातल्या तर आधी काँक्रीट चिरडतं,
काही न सांगता, भर पाळीत.
बेताच्या घातल्या तर आधी सळई ताणली जाते,
तुळईला झोल येतो, गिलावा तडकतो,
खालचं दार घासायला लागतं
आणि कुणीतरी म्हणतं, बाहेर चला रे.
पडू नये, हे माझं अर्धं काम.
पडलीच तर कशी पडावी,
हे उरलेलं. त्याचे पैसे कुणी देत नाही.
लाकडाला शिकवावं लागत नाही, ते कुरकुरतंच.

नरसय्या कट्ट्यावर बसून ऐकत होते.
"म्हणजे तुळई बोलती. तेलुगूत का मराठीत?"
इरप्पा मिस्त्री सळ्यांखाली कव्हरचे ठोकळे सारता सारता:
"कन्नडातच की. सिमेंट शहाबादकडचं आहे."
चिप्पा हसले. सळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

मुरूम साडेसहा फुटांवर लागला.
खणताना पावडीचा एक तुकडा निघाला, गुळगुळीत,
अंगठ्याच्या जागी खोलगट.
नरसय्यांनी तो हातात घेऊन पाहिला
आणि चहाच्या चुलीकडे टाकला.

खांब भरले. गोणपाट गुंडाळलं.
बाकीच्यांवर इरप्पाचा पोरगा पाणी मारतो,
सातव्यावर नरसय्या,
घरच्या पिंपातलं, तांब्या तांब्याने.
नळ चार दिवसांआड येतो त्यांच्या गल्लीत.
चौदा दिवस पुरे, मी सांगितलं होतं.
आज एकोणिसावा.