शून्य ओळी

सर्जेकोटला सोसायटीच्या ऑफिसात दोन खिडक्या.
एक जेटीकडची, गंजून अर्धीच उघडणारी.
दुसरी टर्मिनलची, काळी.
तिच्यात कर्सर लुकलुकतो
लांबच्या पातीवरच्या बत्तीसारखा.

सुरमई आज काय भावाने गेली, मी विचारते,
आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम देण्याऐवजी
तिरकी रेघ मारून लिहिते, जीसेट.
मग उत्तर पडद्यावर सांडत नाही.
'भाव' या नावात जाऊन गप बसतं.
पुढच्या प्रश्नात आधी कोलन लावून हाक मारली
की उठून येतं: आठशे वीस.
सात वर्षं मी असले आकडे तळहातावर लिहिले.
मासळीचं पाणी लागायचं, आठाचा तीन व्हायचा.

अट एकच, ओळ एकच यायला हवी.
'जलपद्मा'चा नंबर मागितला तेव्हा दोन आल्या,
एक आमची, एक तळाशिलची.
मशीन कुरकुरलं, काहीच ठेवून घेतलं नाही.
हे मला पटलं.
दोघींना एका नावात कोंबू नये.

दुसरी गोष्ट मला त्या संध्याकाळी कळली.
वारा फिरला होता. द्वारका कुबल दारात,
हातात रेंज नसलेला मोबाईल.
"आमची पात इली काय गो?"

जेटीवर टोकन फाटलं की नोंद इथे उमटते.
मी आजची परतीची वेळ मागितली, नावात ठेवली,
नाव उलगडलं.
"इली. चार पस्तीसाक."

तिने अर्ध्या खिडकीतून वाकून पाहिलं.
"मगे दिसना नाय ती?"

चार पस्तीस कालचे होते.
खिडकी मी कालपासून मिटली नव्हती,
आज शून्य ओळी आल्या होत्या,
आणि शून्य ओळी आल्या की जुनं उत्तर
जागचं हलत नाही.
मशीन इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं होतं,
ते वर सरकून गेलं, मी वाचलं नव्हतं.

"चुकलंय माझा, वैनी."
ती काही बोलली नाही.
बर्फाच्या पेटीवर बसली, चपला काढून.

आता विचारण्याआधी मी नाव रिकामं करते.
त्या रात्रीही केलं, दर पाच मिनिटांनी.
रिकामं नाव हाक मारल्यावर
नुसतं स्वतःचंच नाव परत देतं.

नऊ दहाला ओळ आली.
ती मी कशातच ठेवली नाही.
पडद्यावर सांडू दिली
आणि मोठ्याने वाचली.