दुसरी बाजू, तिसरं गाणं

मेरिडियनच्या डायलिसिस सेंटरात खुर्च्या अकरा.
सातवीत मंगळवार, गुरुवार, शनिवार
व्हर्लीन टबविल. वय एक्याऐंशी.
सुई टोचताना हूं नाही की चूं नाही.

तिची एकच रेकॉर्ड निघाली, एकाहत्तर साली,
टायरच्या दुकानावरच्या खोलीत केलेली.
मला ती चाळीस डॉलरला मिळाली,
कव्हरचा कोपरा उंदरांनी खाल्लेला.

ऑर्गन चर्चमधून उठून तसाच आलेला,
अंगावरचा रविवार न झटकता.
ड्रम वाट बघतो, गिटार वाट बघते,
आणि ही समेवर येतच नाही.
जरा मागून येते,
उंबऱ्यावर कुणाशी तरी दोन शब्द बोलून.

विचारलं, हे मुद्दाम?
"पोरा, अंगावर धावून गेलं की गाणं बुजतं."

आणि तिसऱ्या गाण्यातला तो श्वास?
ओळीआधीचा, फाटका, ऐकू येणारा?
"कापणार होते. मी म्हटलं, राहू दे.
तेवढाच माझा. बाकी सगळं कंपनीचं."

मशीन रक्त नेतं, धुऊन परत देतं,
ठरल्या वेगानं, चार तास.

शनिवारी पट्टी बांधताना ती गुणगुणली.
मी मनगट धरून मोजत होतो.
नाडी बहात्तर.
गाणं तिच्याही जरा मागून येत होतं.