नुक्ते

अमेरिकेच्या नऊ न्यायाधीशांचं काही बिनसलं
की अंबाजोगाईत घाटनांदूरकर वकिलांचं जेवण लांबायचं.
बसस्टँडमागच्या झेरॉक्सवाल्याकडून
सव्वाशे पानांचा निकाल छापून आणायचो मी.
ते आधी वाचायचे हरलेल्यांचं मत.

'जिवंत राज्यघटना म्हणे!' पेन्सिल आपटायचे.
'जिवंत माणूस शब्द फिरवतो, मुंजाजी.
म्हणून तर कागद करतात.'

बंदुकीच्या हक्कापाशी एक स्वल्पविराम आहे तिकडच्या घटनेत,
दोन शतकं झाली, भांडण मिटलेलं नाही.
त्या स्वल्पविरामावर ते असे बोलायचे
जसं आमच्याकडं बांधावरच्या बोरीवर बोलतात.
कँटीनमध्ये हसायचे सगळे:
धारूरचं अपील पडून आहे
अन् साहेबांना फिलाडेल्फियाची काळजी.

मला नाही वाटत तसं.
आणीबाणीत, ऐन वकिलीच्या उमेदीत,
'जीवित' हा शब्द एका निकालात आकसलेला
त्यांनी पेपरात वाचला होता, मोंढ्यातल्या हॉटेलात, उभ्यानं.
तेव्हापासून त्यांना दयाळू न्यायाधीशाचीही भीती वाटायची.
जो माझ्यासाठी ताणतो, म्हणायचे,
त्याचा हात सैल झालेला असतो.

मग आला गोदुताईचा मुंतखब.
सख्खी बहीण, परळीला दिलेली.
देवस्थानच्या इनामात तिला वाटा हवा होता.
कागद निजामाच्या वेळचा, फसली तेराशे एक्केचाळीस,
वर गावाचं नाव मोमिनाबाद.
मुन्शी वजीहोद्दीन चष्मा कपाळावर ढकलून
कागदाला नाक लावून वाचायला बसले.
'औलाद', ते म्हणाले. ताई हसली.
औलाद म्हणजे लेकही, लेकीही. एवढं तर मलाही ठाऊक होतं.

घडीखाली पुढचा शब्द होता.
कसर लागलेली, नुक्ते खाऊन टाकलेले,
नुसती शाईची लाट.
मुन्शीजी थांबले. साहेबांकडं बघितलं.
खोलीत पंखा होता, अन् आम्ही चौघं.
वाचता येत नाही, एवढंच म्हटलं असतं
तर खोटंही नव्हतं फारसं.

'नरीना', साहेब म्हणाले.
'नुक्ते गेलेत. शब्द गेला नाही.'
पुरुष संतती. नुसती पुरुष.

'कामून रे?' ताई म्हणाली,
'आईनं भाकरी मोजताना मला मोजलं नव्हतं का?'

त्यांनी समजावलं, जसं मला समजवायचे:
जुना शब्द वाकवायचा नसतो, नवा लिहायचा असतो,
अस्पृश्यता कुणी अर्थ काढून घालवली नाही,
घटनेत सतरावं कलम लिहिलं.
अमेरिकेत बायकांना मत मिळालं
तेही न्यायाधीशाच्या मेहरबानीनं नाही,
दुरुस्ती करून, राज्याराज्यातून मतं गोळा करून.

'अन् ती मतं दिली कुणी?' ताईनं विचारलं.
'ज्यांच्याकडं आधीपासून होती, त्यांनीच ना?'

साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्टॅम्प आणला.
स्वतःच्या कमाईचा प्लॉट, वीस गुंठे, रिंगरोडलगत,
गोदावरीबाईच्या नावे बक्षीसपत्र.
मीच टाईप केलं. एक चूक झाली, पुन्हा केलं.
ताई परळीच्या बसमध्ये बसली होती.
खिडकीतून म्हणाली, तुझं नको, मपलं पाहिजे होतं.

त्यानंतर दोन पावसाळे त्यांनी निकाल मागवले नाहीत.
तिसऱ्या वर्षी पुन्हा मागवायला लागले.
मत बदललं का, हे विचारायची माझी टाप नव्हती.

आता त्यांची कपाटं माझ्याकडं आहेत.
त्या घटनेच्या छापील प्रतीत, पहिल्याच ओळीत,
'आम्ही लोक' म्हटलंय त्याच्या समासात
पेन्सिलीनं एक उर्दू शब्द आहे, घाईतला.
मुन्शीजीही गेले. उर्दू शाळेच्या मास्तरांना दाखवला.
ते म्हणाले, नुक्ते दिलेले नाहीत, वकीलसाब.
'बहन' असेल.
किंवा 'नहीं'.

मी खोडलेला नाही. धारूरचं अपील
गुरुवारी बोर्डावर आहे.