तिसरा भ

मंगळवार, रात्री आठ.
मी धुलाईच्या खोलीत, मशीनवर लॅपटॉप,
खाली चादरींचा फेरा चालू,
त्यामुळे वर्गात माझा चेहरा जरा थरथरतो.
थोर्गेर्दुर म्हणते, छान आहे, थरथरू दे.

सातजणांच्या सात चौकटी.
बाहेर इसाफ्योर्दुरचे डोंगर,
नोव्हेंबरपासून सूर्य त्यांच्या पलीकडेच,
रविवारी दिसला तर दिसेल, दहाएक मिनिटं.
पॅनकेकचं पीठ आणून ठेवलंय.

कविता नऊशे वर्षांची.
करणाऱ्याचं नाव वासराच्या कातड्यावरून
कुणीतरी खरवडून काढलेलं.
शाळेत पाठ केली होती आम्ही,
गोळीसारखी, पाण्याबरोबर.
ओळीत एकच अक्षर तीनदा आपटतं, वल्ह्यासारखं:
भरती भरली, आणि भाऊ नाही.

भ ओठांत नाही, थोर्गेर्दुर म्हणते, टाचेत आहे.
टाच उचला: भरती.
टेका: भरली.
आता थांबा.
भाऊ म्हणण्याआधी श्वास कुठे अडतो?
तिथं हात ठेवा.

हाल्बेराचा गेला गळ्यावर,
ती नर्स आहे, तिला जागा माहीत.
तोर्फीचा खिशातल्या फोनवर, तो हसला.
माझा कमरेवर.
ओशाळले. कमरेत कसलं आलंय दुःख.

मग बेर्गस्वेन. बोलुंगार्विकचा,
चाळीस वर्षं मासे कापतोय.
पाच आठवड्यांत दोनच वाक्यं त्याची:
हो, आणि, मांजर आहे, जाईल.
तो उठला. खुर्ची मागे सरकली, पण आवाज नाही.
ओठ हलू लागले, आवाज नाही.
कोपऱ्यात लाल माईक, त्यावर तिरकी रेघ.

तोर्फी सांगायला पुढे झाला.
थोर्गेर्दुरनं ओठांवर बोट ठेवलं.

टाच उचलली त्यानं. टेकली.
अर्ध्या मिनिटात कॉड सोलणारे ते हात
पुढे गेले, काहीतरी धरलं,
ओलं असावं, जड असावं,
खांद्यापर्यंत आणलं,
आणि तळवे एकदम उघडे पडले,
कॅमेऱ्याच्या इतके जवळ
की बोटांवरच्या चिरा मोजता आल्या मला.
तिसरा भ ऐकू आला नाही.
दिसला. मिटलेल्या ओठांमागे
किती वेळ दाबून धरला होता त्यानं.

नेमकं तेव्हाच माझ्या मशीननं पिळायला घेतलं,
माझी चौकट गदगदा हलायला लागली.
बंद नाही केलं मी.

तो बसला. पडद्याकडे वाकला.
कान लाल झाले. बटण दाबलं.
पुन्हा म्हणू का?
कुणी बोलेना.
मांजर बोललं.
पुढच्या मंगळवारी, थोर्गेर्दुर म्हणाली,
आवाज आण. पण आज आणलंस
ते घरी ठेवून येऊ नकोस.

चौकटी एकेक विझल्या.

माझा भाऊ बुडालेला नाही.
ऑल्बोर्गला असतो, दोन मुली, गॅरेज.
फोन आधी कुणी करायचा
यावर अकरा वर्षं अडलंय.
लहानपणी चालायचा कंटाळा फार,
तीन वर्षं माझ्या कडेवरच होता.

मशीन थांबलं. झाकण उघडलं.
दोरी पलीकडच्या भिंतीला.
ओल्या चादरींचा गोळा उचलला
आणि सवयीनं कडेवर घेतला.