झाकण

आधी तारा सैल केल्या, चारही.
बेसच्या तारा जाड; सोडताना किंचाळत नाहीत,
म्हातारा खुर्चीतून उठतो तसा एक हुंकार, बस.
मग खुंट्या, ब्रिज, दोन बटणं, पट्टा अडकवायची खुंटी
आणि एकवीस स्क्रू. मोजून बशीत ठेवले,
कारण एकविसावा नेहमी पोटमाळ्याच्या फटीतून
खाली शिंप्याच्या डोक्यावर पडतो.

गिटार रेमेटिनाबाईंची. म्हणजे पास्कोलची.
गोराईहून बोटीनं, मग बसनं गिरगावात,
चादरीत गुंडाळून, खांद्यावर आडवी,
एखादी मोठी घोळ लिलावाला न्यावी तशी.

खाडीची हवा कशाचीच गय करत नाही.
निकेलवर साय धरलेली,
खुंट्यांच्या दात्यांत हिरवं कळकलेलं,
पितळेच्या पातेल्यात ताक विसरावं तसं.

मी बाईंना आधीच सांगितलं:
पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतंय हात लावू नका,
जुनं जुन्यासारखं दिसू दे, त्याचेच पैसे.
घासलीत तर आठ हजार कमी.
आणि घासणं म्हणजे तरी काय,
चकाकी वरून येत नाही, थर खालून जातो.

त्या म्हणाल्या,
"घर सोडून जाणारं माणूस
तोंड न धुता जातं का?"

यावर दुकानदारानं काय बोलायचं असतं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

स्क्रू रॉकेलच्या वाटीत टाकले.
पानवाल्याकडून रिकामी पाकिटं आणली
(तो हसतो; मी ओढत नाही),
आतली चांदी चुरगाळून, पाण्यात बुडवून
गंज हळूहळू उतरवला.
चिंच नाही. चिंच तांब्यापितळेची सोयरी,
निकेलला ती खाते.

चार दिवस. जेवतानाही बोटांना वंगणाचा वास.
ब्रिज उजळला, पण एका कोपऱ्यात,
जिथे पास्कोलचा तळवा टेकायचा,
घासावं तितकं पिवळंच वर येई.
तिथलं निकेल केव्हाच संपलं होतं.
लग्नं, बारशी, चर्चच्या मैदानातले नाताळ,
जिथे बेसवाल्याकडे कुणी पाहत नाही
आणि फोटोत तो ड्रमच्या आड अर्धा येतो,
तिथे तिथे ते थोडं थोडं तळव्याला लागून गेलं.
मी फडकं बाजूला ठेवलं.

शनिवारी बाई आल्या. पिशवीतून काढलं
ब्रिजवरचं झाकण, मुठीएवढं.
"हेपण त्याचंच. पहिल्याच रात्री उपटलं,
हाताला अडतं म्हणाला. मग तीस वर्षं राखदाणी.
रोज मी धुवायची. तो गेला
तेव्हा पालथं करून क्रुसापुढे ठेवलं, मेणबत्तीला."

वर मेण बोटभर. गरम पाण्यात धरलं
तर सुटलं, एकाच तुकड्यात, फणसाच्या सालीसारखं जाड.
आणि खाली निकेल. सबंध.
त्यात माझी ट्यूबलाइट, माझं तोंड,
चष्म्याच्या काडीची चिकटपट्टी सुद्धा.

चार दिवस मी जे आणायला निघालो होतो
ते गोराईला मेणाखाली बसून होतं.

लाकडावर त्याची दोन भोकं अजून होती.
धरून पाहिलं. नेमकं बसलं.
असं काही नेमकं बसलं की मला किंमत दिसू लागते;
तोंडावर आलंच होतं, गेलेले आठ हजार परत, वर आणखी.

बाईंनी झाकण माझ्या हातून घेऊन उलटं केलं.
आत जळल्याचे काळे गोल, एकात एक.
"इथे घासू नकोस," म्हणाल्या,
"आणि हे त्या पुणेकराचं नाही."
पिशवीत ठेवलं, वर कोथिंबिरीची जुडी.
बोटीला अजून वेळ होता, पण त्या बसल्या नाहीत.

मी तारा चढवल्या.
सर्वांत जाड तार एकदा छेडून पाहिली.
सुरात नव्हती अजून.
खाली शिंप्यानं मशीन थांबवलं.