वीस

पहिल्या वर्षाचा पहिला धडा नळापाशी झाला.
बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठ्याचं बूड,
मनगटापर्यंत फेस.
सिस्टर नमालोंबा हात धुऊन आमच्या मागे लागल्या
आणि मग आमचेही धुऊन घेतले.

दुसरा धडा चादरीचा.
सुरकुती म्हणजे निजलेल्या पाठीत सुरी, त्या म्हणाल्या,
आणि कोपरा असा दुमडून दाखवला
की झोम्बाच्या बाजारात चितेंजेच्या घड्या घालण्यात
जन्म गेलेल्या माझ्या आईनंही मान डोलावली असती.

ज्याला कूस बदलता येत नाही
त्याची आपण बदलायची, दर दोन तासांनी.
पाणी हवंय का विचारून निघून जायचं नाही.
आधी नाव, मग सुई.
हे सगळं मी हिरव्या शाईनं वहीत उतरवलं
आणि परीक्षेत मला गुणही बरे पडले.

मग वॉर्ड.
जूनमध्ये डोंगरावरून चिपेरोनी उतरतं,
आठवडा आठवडा न उठणारं गार, झिमझिमतं धुकं.
खाटा चाळीस, रोगी पन्नास,
खाटांखाली नातलगांच्या चटया, न्सिमाची काळी भांडी,
आणि पाळीवर आम्ही दोघी.

ताप मोजला, खरा.
नाडी मोजली, खरी : पंधरा सेकंद, गुणिले चार.
श्वासाच्या रकान्यात लिहिलं, वीस.
कुणी शिकवलं नव्हतं.
आधीच्या पानावर वीस होतं, त्याच्या आधीच्यावरही.
वीस, वीस, वीस.
मलाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती,
लोकांचा कुठून मोजणार?

सिस्टरनी तक्ता उचलला. ओरडल्या नाहीत.
"कमाल आहे," म्हणाल्या, "पन्नास माणसं आणि एकच ताल!
आमच्या चर्चच्या गाणाऱ्यांना
अकरा वर्षांत हे जमलेलं नाही."
मग स्टूल सरकवलं. खाट अकरा.
"पूर्ण एक मिनिट. मनगट सोडू नकोस,
त्यांना वाटू दे नाडीच बघतेयस.
श्वासावर नजर आहे कळलं
की माणूस श्वासही पाहुण्यांसमोर बसल्यासारखा घेतो."

आगोगो मासूदी. चिल्वा तळ्यावरचे कोळी.
बोटांवर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ.
माझ्या छातीवरच्या उलट्या घड्याळात काटा निघाला.

नाकपुड्या फुलत होत्या.
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, सुटायची,
होडीच्या तळाशी टाकलेल्या मासळीचे कल्ले जसे.
हे मघाशी याच जागी होतं.
मी याच जागी उभी होते.

चौतीस.
पुन्हा मोजले. छत्तीस.
म्हणजे दर मिनिटाला चौदा-सोळा श्वास
माझ्या पेनानं गिळले होते.

सिस्टरनी आधी त्यांना टेकवून बसवलं,
मग डॉक्टरांना निरोप, मग ऑक्सिजनचं यंत्र,
ज्याचं एक चाक अडतं आणि ढकलताना कुरकुरतं.
खाटेखालून नात बोलली, आसियातु, असेल बारा वर्षांची :
"कालपासून ते वाक्य अर्ध्यावर सोडतायत."
तिला कुणी विचारलंच नव्हतं.
रकाना नव्हता तेवढ्यासाठी.

नळी नाकाशी बसवताना म्हातारा पुटपुटला,
"नाडी... हल्ली पोटात... असते का, पोरी?"
त्यांना सगळं कळत होतं.

रात्री होस्टेलवर दिवा मालवून
स्वतःचा श्वास मोजायला गेले. जमेना.
लक्ष गेलं की तो शहाण्यासारखा वागायचा.
शेवटी शेजारच्या खाटेवर घोरणाऱ्या फायनेसचा मोजला.
चौदा.
कुठं लिहायचा नव्हता, तरी मोजला.

आज माझा तक्ता गबाळा दिसतो :
अठरा, सव्वीस, सोळा, खोडून बावीस.
खाट अकरा, अठ्ठावीस. अजून यंत्र कुरकुरतंय.
खाट सातचे मात्र खरोखरच वीस भरले.
विश्वास बसेना.
स्टूल जवळ ओढलं, पुन्हा मोजले.